ठाणे-नवी मुंबईत सूक्ष्म धूलिकणांपासून घरच्यांना कसे जपावे

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला दिघ्यापासून शिरवण्यापर्यंत ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक क्षेत्राचे कारखाने आहेत आणि त्यांच्या पाठीशी डोंगर व त्यांतल्या दगडखाणींच्या खुणा आहेत. रस्त्याच्या पश्चिमेला ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी या वसाहती आणि त्यांच्यापलीकडे खाडी. ही मांडणी एकदा लक्षात घेतली की आपल्याकडच्या हवेचे बरेचसे वेळापत्रक कळते. दुपारनंतर वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, त्यामुळे कारखान्यांचा धूर डोंगराच्या बाजूला जातो. हिवाळ्यात मात्र सूर्य मावळल्यावर वारा मंदावतो, पुढे त्याची दिशा उलटते आणि तोच धूर रात्रभर वसाहतींकडे सरकत राहतो. तळोजा औद्योगिक क्षेत्राजवळ राहणाऱ्या खारघर आणि कळंबोलीच्या रहिवाशांची रात्रीच्या उग्र वासाची तक्रार बरीच जुनी आहे. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर कारखान्यांपेक्षा वाहने आणि बांधकामे यांचा वाटा अधिक डोळ्यांत भरतो. एका बाजूला येऊरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधल्या पट्ट्यातून न्हावा शेवा बंदराकडून गुजरातकडे जाणारे कंटेनर, उंच इमारतींची कामे आणि मेट्रो ४ चे खांब, असा तो सगळा परिसर आहे.

या हवेतील सर्वांत घातक घटक म्हणजे पीएम २.५, अर्थात २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून या कणांच्या आकाराची कल्पना यावी. आपल्या शरीरात त्यांची किती मात्रा जाते, हे तीन गोष्टींवर ठरते: हवेतील त्यांचे प्रमाण, त्या हवेत आपण घालवलेला वेळ आणि त्या वेळात आपण किती जोराने श्वास घेतला. पहिली गोष्ट एकट्या घराच्या हातात फारशी नाही. उरलेल्या दोन मात्र बऱ्याच अंशी आहेत. एखाद्या वाईट दिवसाची धास्ती घेऊन दुसऱ्या दिवशी सगळे विसरून जाण्यापेक्षा वर्षभराची मात्रा थोडी थोडी खाली आणणे अधिक हिताचे आहे, आणि खाली दिलेली प्रत्येक सूचना त्याच हेतूने दिली आहे.

कण शरीरात काय करतात

गॅलरीच्या कठड्यावर बोट फिरवले की जी करडी किंवा तांबूस धूळ बोटाला लागते, ती बहुतांशी जाड असते. नाक आणि घसा तिला बऱ्यापैकी अडवतात. तिच्यामुळे शिंका येतात, डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, आणि या त्रासामुळेच आपले तिच्याकडे लक्ष जाते. पीएम २.५ मात्र एकेकटा डोळ्यांना दिसत नाही आणि नाकात अडकत नाही. तो फुप्फुसांच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतो. तेथे शरीराच्या संरक्षक पेशी त्याच्याशी झुंजतात व त्यातून सूज निर्माण होते. ही सूज फुप्फुसांपुरती राहत नाही. तिचे परिणाम रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर, रक्त गोठण्याच्या प्रवृत्तीवर आणि हृदयाच्या लयीवर होतात. त्यांतले अतिसूक्ष्म कण तर थेट रक्तात उतरू शकतात.

म्हणून खोकला नाही म्हणजे त्रास नाही, असे समजू नये. प्रमाण वाढल्यावर काही तासांत किंवा काही दिवसांत दम्याचा झटका, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याची शक्यता वाढते. वर्षानुवर्षे अशा हवेत राहिल्यास दीर्घकालीन श्वसनरोग, हृदयरोग, पक्षाघात आणि फुप्फुसांचा कर्करोग यांचा धोका वाढतो, आणि मधुमेहाशीही या कणांचा संबंध दिसून आला आहे. गर्भवतींच्या बाबतीत कमी वजनाचे किंवा दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ हा धोका असतो. मुलांच्या बाबतीत फुप्फुसांची वाढ पूर्ण होत नाही, आणि त्या वयात राहिलेली उणीव पुढे भरून निघणे कठीण असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली बाहेरील हवेचे प्रदूषण आणि त्यातील धूलिकण यांना मानवामध्ये कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. भारतात २०१९ या एका वर्षात सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यू घरातील आणि बाहेरील वायुप्रदूषणामुळे झाल्याचा संशोधकांचा अंदाज आहे.

दीर्घकालीन मात्रेचे महत्त्व ज्या अभ्यासातून प्रथम ठळकपणे पुढे आले, तो अमेरिकेतील सहा शहरांचा होता आणि १९९३ साली प्रसिद्ध झाला. आठ हजारांहून अधिक प्रौढांचा १४ ते १६ वर्षे मागोवा घेऊन, धूम्रपान, वजन, शिक्षण यांचा प्रभाव वेगळा काढल्यावरही, सर्वांत प्रदूषित शहरातील मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी अधिक आढळला. याची दुसरी, धीर देणारी बाजूही सांगितली पाहिजे. दक्षिण कॅलिफोर्नियात हवा सुधारत गेली तशी तेथील मुलांच्या फुप्फुसांची वाढही सुधारली, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मात्रा कमी केल्याचा लाभ खरोखर मिळतो.

आकडा वाचायला शिकावे

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ हे ॲप मोबाइलवर घ्यावे आणि शहराच्या सरासरीवर न थांबता आपल्या घराजवळचे केंद्र शोधावे. नवी मुंबईत ऐरोली, महापे, नेरूळ, आणि ठाण्यात उपवन, कासारवडवली अशी केंद्रे आहेत. एकाच संध्याकाळी महापे आणि नेरूळ येथील आकड्यांत मोठा फरक असू शकतो.

आपला राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक आठ प्रदूषकांपैकी ज्याची स्थिती सर्वांत वाईट असेल त्यावरून ठरतो, आणि धूलिकणांसाठी तो मागील २४ तासांची सरासरी धरतो. त्यामुळे सकाळी सात वाजता दिसणारा निर्देशांक कालच्या दुपारच्या स्वच्छ वाऱ्यालाही सामावून घेत असतो. फिरायला निघायचे की नाही, हे ठरवण्यासाठी निर्देशांकाऐवजी त्या तासाचे पीएम २.५ चे प्रमाण पाहावे. ते मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर या एककात दिलेले असते.

येथे एक गोष्ट थोडी थांबून समजून घेण्यासारखी आहे. आपल्या निर्देशांकात ५१ ते १०० ही पातळी ‘समाधानकारक’ म्हणून हिरव्या छटेत दिसते. निर्देशांक १०० म्हणजे पीएम २.५ चे प्रमाण ६० मायक्रोग्रॅम, जी २००९ सालच्या राष्ट्रीय मानकांतील २४ तासांची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेली २४ तासांची पातळी १५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे आपले ‘समाधानकारक’ तिच्या चौपटीपर्यंत जाते. वार्षिक सरासरीत हे अंतर आणखी मोठे आहे: आपले मानक ४०, तर संघटनेची शिफारस ५. हिरवा रंग पाहून दमेकरी मुलाला निर्धास्तपणे रस्त्याकडेच्या मैदानावर पाठवणाऱ्या पालकांना हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे, असे मला मनापासून वाटते.

परदेशी ॲपवर हीच हवा वेगळ्या आकड्यात दिसते. ६० मायक्रोग्रॅमला आपला निर्देशांक १०० दाखवतो, तर अमेरिकी मोजपट्टी १५० च्या वर. त्यावरून कोण खोटे बोलतो असा वाद सोसायटीच्या ग्रुपवर रंगतो. दोन्हींच्या पट्ट्या वेगळ्या आहेत, एवढेच त्याचे उत्तर. मायक्रोग्रॅमचा आकडा दोन्हीकडे एकच असायला हवा. घरी ठेवायचा छोटा मापक घेतल्यास उपयोग होतो, पण खाडीलगतच्या दमट हवेत असे स्वस्त मापक प्रमाण वाढवून दाखवतात. पावसाळ्यात किंवा धुक्याच्या सकाळी त्यांच्या आकड्याने घाबरू नये. त्यांचा खरा उपयोग तुलनेसाठी आहे: या खोलीत जास्त की त्या खोलीत, खिडकी उघडल्यावर वाढले की घटले.

रोजच्या निर्णयांसाठी मी पुढील ठोकताळा सुचवतो. तो सरकारी नाही. ३० मायक्रोग्रॅमपर्यंत सर्वांनी आपले नेहमीचे व्यवहार करावेत. ३० ते ६० च्या दरम्यान दमा, हृदयरोग असलेल्यांनी व गर्भवतींनी रहदारीजवळ दमछाक होईल असे काही करू नये. ६० च्या वर धावणे, सायकल, मुलांचा फुटबॉल घराबाहेर नको. ९० च्या वर गेल्यास सर्वांनीच बाहेरचा वेळ कमी करावा आणि जावेच लागले तर योग्य मास्क लावावा.

वेळ आणि वाट बदलावी

डिसेंबर-जानेवारीत पहाटे साडेपाचला कानटोपी घालून फिरायला निघणारे ज्येष्ठ नागरिक आपल्या प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे नवी मुंबईच्या एकेका वसाहतीत, दिसतात. पहाटेची हवा शुद्ध, हा समज पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे आणि गावाकडे तो खराही असेल. आपल्याकडे हिवाळ्यात रात्री जमीन थंड होते, तिच्या लगतची हवाही थंड होऊन खाली बसते आणि वर उबदार हवेचे झाकण तयार होते. रात्रभराचा धूर त्याखाली कोंडून राहतो. ऊन चढून जमीन तापली की हा थर मोडतो व हवा वरखाली मिसळू लागते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात ज्येष्ठांनी सकाळी दहाच्या सुमारास किंवा दुपारी चार-साडेचारला, समुद्राकडचा वारा सुटल्यावर, फिरायला जावे. आधी आकडा पाहावा आणि मग चपला घालाव्यात. पावसाळ्यात पाऊस हवा धुऊन काढतो, तेव्हा पहाटेच्या फेरीला काहीच हरकत नाही. मार्च ते मे या महिन्यांत उन्हाचा त्रास लक्षात घेऊन सकाळ निवडावी.

वाटही तितकीच महत्त्वाची. डिझेल वाहनांचा ताजा धूर रस्त्यालगतच सर्वांत दाट असतो आणि शंभर-दोनशे मीटर आत गेल्यावर लक्षणीय विरळ होतो. घोडबंदर रस्त्याच्या सेवारस्त्याने चालण्यापेक्षा उपवन तलावाकडचा रस्ता बरा, ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या पदपथापेक्षा कोपरखैरण्यातील निसर्ग उद्यान किंवा नेरूळचे ज्वेल ऑफ नवी मुंबई बरे. धावताना आपण बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा आत ओढतो, तीही तोंडाने, म्हणजे नाकाची गाळणी टाळून. त्यामुळे धावणाऱ्यांनी वाटेच्या निवडीबाबत सर्वांत काटेकोर राहावे. मोटारीत काचा बंद करून आतलीच हवा फिरवणारे बटण चालू ठेवावे, मात्र लांबच्या प्रवासात मधूनमधून बाहेरची हवा घ्यावी, अन्यथा झापड येते. दुचाकीवर सिग्नलला ट्रकच्या मागे उभे राहणे टाळावे.

घरातील हवा

हिवाळ्यात संध्याकाळपासून सकाळी नऊ-दहापर्यंत रस्त्याच्या किंवा कारखान्यांच्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवाव्यात आणि दुपारी मोकळ्या कराव्यात. दिवसरात्र घर बंद ठेवणे हा उपाय नव्हे, कारण घरातही धूर तयार होतो, आणि गॅसची शेगडी असलेल्या घराला खेळती हवा लागतेच.

घरातल्या धुराकडे आपले दुर्लक्ष होते. माझ्या स्वयंपाकघरात ओट्यापासून दोन हातांवर छोटा मापक ठेवला असताना, कढीपत्ता आणि सुक्या मिरचीची फोडणी पडताच आकडा रस्त्यावरच्या आकड्याला मागे टाकून वर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही. धूर बाहेर फेकणारा पंखा त्या दिवशी बंद होता. तो फोडणीच्या आधी सुरू करून, स्वयंपाक झाल्यावरही काही मिनिटे चालू ठेवला, तेव्हा वाढ पुष्कळ कमी दिसली. चिमणी घ्यायची असल्यास तिचा पाइप इमारतीबाहेर नेलेला असावा. हवा गाळून पुन्हा घरातच सोडणाऱ्या चिमण्यांवर भरवसा ठेवू नये. तळण-भाजणीच्या वेळी लहान मूल आणि दमेकरी माणूस यांना दुसऱ्या खोलीत बसवावे.

डासांची कॉइल बंद खोलीत रात्रभर जाळणे ताबडतोब थांबवावे. एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले होते. मच्छरदाणी आणि खिडक्यांना जाळी हा तिच्यावरचा उत्तम पर्याय आहे. उदबत्ती आणि धूप यांबाबत कोणाच्या श्रद्धेला धक्का लावण्याची गरज नाही. खिडकी उघडी असताना एक उदबत्ती लावावी, एवढी तडजोड बहुतेक घरांत होऊ शकते आणि आजी-आजोबांनाही ती पटते. केर काढताना कोरडी केरसुणी जोरात फिरवल्यास खाली बसलेली धूळ पुन्हा उडते. त्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसून घेणे चांगले.

हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यावे का, हा प्रश्न वारंवार येतो. घरात लहान बाळ, गर्भवती, दमेकरी किंवा हृदयरोगी असल्यास आणि खर्च झेपत असल्यास, त्या व्यक्तीच्या झोपण्याच्या खोलीपुरते घ्यावे. रात्रीचे सात-आठ तास सलग स्वच्छ हवा मिळणे ही मोठी बचत आहे. यंत्रात हेपा, म्हणजे सूक्ष्म कण अडवणारी दाट गाळणी असावी. विद्युतभारित कण किंवा ओझोन सोडणारी यंत्रे टाळावीत, कारण ओझोन स्वतःच फुप्फुसांना अपायकारक आहे. खोलीसाठी किती क्षमता लागते याचा हिशेब सोपा आहे. १० फूट बाय १२ फुटांच्या, साडेनऊ फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३२ घनमीटर हवा असते. ती तासातून पाच वेळा गाळली जावी असे धरल्यास तासाला १६० घनमीटर स्वच्छ हवा देणारे यंत्र लागेल. खोक्यावर छापलेली क्षमता मात्र सर्वांत मोठ्या वेगावरची असते आणि त्या आवाजात झोप लागत नाही, म्हणून गरजेच्या दीडपट क्षमतेचे यंत्र घेऊन ते मंद वेगावर चालवावे. यंत्र चालू असताना दारे-खिडक्या बंद हव्यात, आणि गाळणी वेळेवर बदलली नाही तर यंत्र नावापुरते उरते. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा फारशी आत घेत नाही हे खरे, पण त्याची जाळी सूक्ष्म कण अडवत नाही. कुंडीतल्या रोपांनी घर प्रसन्न होते, धूलिकणांच्या बाबतीत मात्र त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नये. गूळ खाल्ल्याने फुप्फुसांतील धूळ निघते किंवा वाफ घेतल्याने कण बाहेर पडतात, यालाही भरवशाचा आधार नाही. वाफेने घशाला आराम पडतो, तेवढाच तिचा उपयोग.

सोसायटीच्या फाटकावर थंडीत पेटणाऱ्या शेकोटीचा वेगळा उल्लेख करायला हवा. रखवालदार हाताशी येईल ते जाळतात: रंग दिलेल्या प्लायचे तुकडे, खोकी, प्लॅस्टिकच्या पिशव्या. तो धूर पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्यांत शिरतोच, पण त्याच्या सर्वांत जवळ रात्रभर तो रखवालदारच बसलेला असतो. त्याला दम भरण्याऐवजी सोसायटीने उबदार जाकीट, कानटोपी आणि बंद, ऊबदार चौकी द्यावी. कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय मांडला की क्वचितच कोणी विरोध करते. पालापाचोळा जाळण्याऐवजी त्याचे खत करण्याचा ठरावही त्याच बैठकीत करून घ्यावा.

मास्क

कापडी आणि शस्त्रक्रियेचे निळे मास्क कडेने हवा आत घेतात, त्यामुळे सूक्ष्म कणांसाठी त्यांचा उपयोग मर्यादित आहे. एन ९५ किंवा एफएफपी २ प्रतीचा मास्क घ्यावा. त्यातही बसण्याला महत्त्व आहे. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवावी, दोन्ही तळहात मास्कवर ठेवून जोराने श्वास सोडावा आणि गालापाशी किंवा डोळ्यांखाली वारा लागतो का ते पाहावे. चष्म्यावर वाफ धरत असेल तर वरच्या कडेने गळती आहे. दाढीवर मास्क नीट बसत नाही. दोन वर्षांखालील बाळाला मास्क लावू नये, आणि मोठ्या मुलांनाही मोठ्यांचा मास्क सैल पडतो. ज्यांना मुळातच धाप लागते, त्यांनी तो डॉक्टरांना विचारून वापरावा.

ज्यांना आधीच आजार आहे

दम्याच्या रुग्णांना दोन प्रकारचे पंप दिले जातात: एक रोज घ्यायचा, सूज आटोक्यात ठेवणारा, आणि दुसरा त्रास होताच घ्यायचा. हिवाळ्यात बरे वाटते म्हणून रोजचा पंप स्वतःच्या मनाने बंद करणे ही आपल्याकडे फार आढळणारी गोष्ट आहे आणि ती धोक्याची आहे. पंपाची सवय लागते ही भीती निराधार आहे. दिवाळीपूर्वीच डॉक्टरांना भेटून हिवाळ्याची योजना लेखी घ्यावी: कोणते लक्षण दिसल्यास किती मात्रा वाढवायची आणि केव्हा रुग्णालय गाठायचे. पीक फ्लो मीटर हे फुंकून मोजण्याचे साधन महाग नाही. बरे असतानाचा आपला सर्वोत्तम आकडा लिहून ठेवावा. त्याच्या ८० टक्क्यांवर असेपर्यंत ठीक, ५० ते ८० च्या मध्ये आल्यास योजनेप्रमाणे औषध वाढवावे, आणि ५० च्या खाली गेल्यास वेळ न दवडता रुग्णालयात जावे. वाक्य पूर्ण बोलता न येणे किंवा ओठ निळसर पडणे या लक्षणांत आकड्याची वाट पाहू नये.

हृदयरोग, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी प्रदूषणाच्या दिवसांत छातीतला दाब, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ यांना ‘पित्त झाले असेल’ म्हणून परतवू नये. तोंड वाकडे होणे, एका हाताची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. साठीपुढच्यांनी आणि दीर्घ श्वसनरोग असलेल्यांनी फ्लूच्या वार्षिक लसीबाबत डॉक्टरांना विचारावे, कारण संसर्ग आणि प्रदूषण एकत्र आले की त्रास वाढतो. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला केवळ धुळीचा म्हणून सोडू नये, क्षयाची तपासणी करून घ्यावी.

बाजार समितीतले माथाडी, वाहतूक पोलीस, रिक्षाचालक, रस्ते झाडणारे सफाई कामगार, बांधकाम मजूर यांना वरील वेळ आणि वाट निवडण्याची मुभाच नसते. त्यांच्यासाठी मालकाने किंवा कंत्राटदाराने योग्य मास्क, पाणी मारण्याची सोय आणि कामाच्या पाळ्यांत बदल करणे हेच उपाय आहेत. दगड फोडणे, फरशी कापणे, वाळूचा मारा यांत सिलिकाची धूळ उडते आणि तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार बरा होत नाही, शिवाय क्षयाचा धोका वाढतो. तेथे पाणी सोडत कापणे अनिवार्य समजावे. सिलिकोसिस हा शासनाला कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे. कामगाराने डॉक्टरांना आपले काम नेमके काय आहे ते सांगावे, कारण पुष्कळदा कोणी विचारत नाही.

नोंद ठेवून तक्रार करावी

घरातले उपाय मात्रा कमी करतात, पण उगम तसाच राहतो. कारखान्यांतून निघणारे सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे हवेत गेल्यावर अमोनियाशी मिळून तेथेच नवे सूक्ष्म कण बनवतात. त्यामुळे धुराड्यातून काळा धूर दिसत नसला तरी कारखाना निर्दोष ठरत नाही. उलट, उग्र वास आला म्हणजे पीएम २.५ वाढलेच असेल असेही नाही. वास आणि आकडा यांची नोंद वेगवेगळी करावी.

आमच्या वसाहतीने एकदा रात्रीच्या धुराची तक्रार केली, तेव्हा पाहणी दुपारी झाली आणि ‘काही आढळून आले नाही’ असे उत्तर आले. दुपारी वारा कारखान्यांकडे वाहत होता, तेव्हा आढळणार तरी काय? पुढे शेजाऱ्यांनी मिळून रोजची वही ठेवली: तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, वास कसा, धुराचा रंग, जवळच्या केंद्राचा त्या तासाचा आकडा, आणि खिडकीच्या त्याच कोपऱ्यातून काढलेले छायाचित्र. त्या नोंदींसह रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत पाहणी करावी अशी लेखी मागणी गेल्यावर अधिकारी रात्री आले. तक्रारीतली ‘रोज खूप प्रदूषण असते’ ही ओळ कोणालाही हलवत नाही, वेळेचा नमुना दाखवणारी नोंद मात्र हलवते.

तक्रार कोणाकडे करायची, हे उगमावरून ठरते. कारखान्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय, आणि त्याची प्रत औद्योगिक विकास महामंडळाला. उघडे बांधकाम, राडारोडा, कचरा जाळणे यांसाठी महापालिकेचे विभाग कार्यालय. बांधकामाभोवती पत्रे आणि हिरवे कापड आहे का, बाहेर पडणाऱ्या डंपरची चाके धुतली जातात का, माल ताडपत्रीने झाकलेला आहे का, हे तीन मुद्दे छायाचित्रासह लिहावेत. धूर सोडणाऱ्या वाहनांसाठी वाहन क्रमांकासह परिवहन कार्यालय किंवा वाहतूक पोलीस.

प्रत्येक कारखान्याला हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९८१ नुसार मंडळाचे संमतिपत्र घ्यावे लागते. त्यात कोणते इंधन वापरायचे, धुराड्याची उंची किती हवी आणि किती कण सोडता येतात याच्या अटी लिहिलेल्या असतात. मंडळाच्या संकेतस्थळावर संमतिपत्रे पाहता येतात. न मिळाल्यास माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली संमतिपत्राची प्रत, मागील पाहण्यांचे अहवाल आणि आपल्या तक्रारीवर झालेल्या कार्यवाहीची टिपणी मागावी. अर्जात प्रश्न विचारण्यापेक्षा कागदपत्राचे नाव लिहून मागणी करावी, म्हणजे ‘माहिती उपलब्ध नाही’ असे मोघम उत्तर देणे अवघड जाते. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढील ३० दिवसांत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील दाखल करावे आणि त्यासोबत वहीतील नोंदींच्या प्रती जोडाव्यात. अटींचा भंग सिद्ध होत असेल आणि तरीही कारवाई होत नसेल, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातील खंडपीठाकडे जाण्याचा मार्ग खुला आहे. तेथे सोसायट्यांनी एकेकटे जाण्यापेक्षा नोडमधील सोसायट्यांचा महासंघ आणि एखादा स्थानिक डॉक्टर यांना सोबत घेऊन जावे, आणि कोणत्या महिन्यांत श्वसनाचे रुग्ण किती वाढले याची रुग्णांची नावे वगळलेली नोंद त्या डॉक्टरांकडून आधीच तयार करून घ्यावी.